पौर्णिमेचं परस्थान

“तुझ्या आईला सांग, पक्ष लागला. आता पंधरा दिवस पोरगी घराबाहेर पाठवायची न्हाई.”

बापू हे मला म्हणाले. आई त्यांच्यापासून चार हातांवर चुलीपुढं बसून भाकऱ्या थापत होती आणि तिचे कान चांगले शाबूत होते. तरी बापूंनी सांगायचं मला, मी वळून सांगायचं आईला, आईनं पदर पुढं ओढून हळूच काहीतरी म्हणायचं, आणि ते मी पोचवायचं बापूंना. बापू म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. धाकट्या भावजयीनं थोरल्या दिराशी तोंडानं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. विट्याच्या बाजारपेठेत वीसेक वर्षांपूर्वीसुद्धा ती बऱ्याच घरांतून सुटली होती. आमच्या घरात मात्र तिला लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं.

वडील लांब दक्षिणेत, सेलमला. आमच्या भागातली निम्मी माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या कामात, मुलुखभर पांगलेली. वडील वर्षातून एकदा जत्रेला यायचे, चार दिवस पाहुण्यासारखे राहायचे आणि जायचे. बापूंची बायको मी दोन वर्षांची असताना गेली. त्यांच्या दोन्ही मुलांना माझ्या आईनं वाढवलं. मिसरूड फुटल्यावर ते सेलमला माझ्या वडलांच्या हाताखाली गेले. मागं घरात राहिलो तिघं, आणि त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. मी त्या घरातली टेलिफोनची तार होते.

“बापू, उद्या संध्याकाळपर्यंत परभणीला हजर व्हायचं आहे,” मी म्हणाले. “नाही झाले तर हॉस्टेलची खोली दुसरीला जाते, आणि खोली गेली की अॅडमिशन गेल्यासारखंच. किती वेळा सांगू?”

“मी कुठं न्हाई म्हनलं? पक्ष हुं दे. मग जा की.”

हेच ते. बापू कधी नाही म्हणायचे नाहीत. नाही म्हणणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं. जनावरांच्या डॉक्टरकीला माझा नंबर लागला तेव्हा त्यांनी पेढे वाटले. मग म्हणाले, श्रावण हुं दे. मग म्हणाले, गौरी-गणपती हुं दे, घरात बाईमाणूस नको का. मग अनंत चतुर्दशी हुं दे. ते मंडळाचे अध्यक्ष. विसर्जनाच्या मिरवणुकीत रात्रभर गुलालात नाचून आले आणि काल पौर्णिमेला दुपारपर्यंत घोरत पडले. काल सकाळी सांगलीला निघताना विचारावं म्हटलं तर माणूस जागा नाही, आज विचारलं तर पक्ष लागलेला. एवढा साळसूद डाव मी पुढं भल्याभल्या पुढाऱ्यांकडेसुद्धा पाहिला नाही.

“मग ती जागा काय तुमचा पक्ष संपेपर्यंत माझी वाट बघत बसणार आहे?”

“बोलायची पद्धत बघ,” बापू शांतपणे म्हणाले. “तुझ्या आईला सांग, पोरीला वळण लाव.”

“आई, तुला सांगतायत, पोरीला वळण लाव,” मी ओरडून सांगितलं. शेजारच्या आळीत ऐकू गेलं असेल.

आईनं भाकरी उलटली.

मी पाय आपटत मागच्या खोलीत गेले. काल दिवसभर मी सांगलीला होते, पांढरा एप्रन आणि गमबूट आणायला. मुलीच्या मापाचे गमबूट मिळेनात. शेवटी एका पोराच्या मापाचे घेतले आणि पुढं बोळे कोंबायचं ठरवलं. ते ट्रंकेत टाकू आणि सरळ उचलून निघू, असं माझ्या डोक्यात होतं. ट्रंक मी चार दिवसांपूर्वीच भरली होती. काळी, नवी, झाकणावर पांढऱ्या रंगात ‘कु. उज्ज्वला भा. साळुंखे’ लिहिलेली. आत कपडे, ताट-वाटी-तांब्या, शेंगदाण्याची चटणी, रजई, अभ्यासाची पुस्तकं.

खाटेखाली वाकले. ट्रंक नव्हती.

माळ्यावर बघितलं, कणगीमागं बघितलं. घरात ट्रंक नव्हतीच. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी स्वयंपाकघरात आले, बापू तोवर पुढच्या सोप्यात जाऊन बसले होते.

“ट्रंक कुठं आहे?”

आई पिठाचे हात झटकत राहिली.

“त्यांनी सांगितलं आणि तू लपवलीस, हो ना? तुला काही वाटत नाही? जन्मभर मान खाली घालून भाकऱ्या बडवल्यास. मलाही तेच करायला लावणार आहेस. एकदा, आई, एकदा त्या माणसापुढं तोंड उघड.”

“मालनकडं जा,” आई म्हणाली. “परात आण तिच्याकडनं.”

“परात?”

“जा म्हनलं न्हवं.”

मला रडू येत होतं आणि रडायचं नव्हतं, म्हणून गेले. तिथं थांबले असते तर मी ती भाकऱ्यांची दुरडी अंगणात भिरकावली असती.

मालन मावशी कोष्टी आमच्या भिंतीला भिंत लागून राहायची. नवऱ्यामागं तिनं चार यंत्रमाग एकटीनं चालवले. तिच्या घरात दिवसभर खडखडाट. बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागे. मी दारातून ओरडले, “आई परात मागतेय.”

“कसली परात?” मावशी हसली. “ये मागं.”

मागच्या खोलीत सुताच्या गठ्ठ्यांशेजारी माझी काळी ट्रंक होती. झाकणावर हळद-कुंकू, वर फडक्यात बांधलेले तांदूळ आणि सुपारी.

“परस्थान ठिवलंय तुझं,” मावशी माझ्या कानात म्हणाली. “काल पौर्णिमेला, दिवस उगवायच्या आत आणली तुझ्या आईनं डोक्यावरनं. पक्ष लागायच्या आधी सामान उंबऱ्याबाहेर पडलं. म्हंजी तू कालच निघालीस. आता पक्ष लागू दे न्हाईतर गिराण लागू दे.”

ही रीत मला माहीत होती. आमच्याकडं सगळ्यांनाच माहीत होती. जायच्या दिवशी मुहूर्त नसला तर आधीच्या चांगल्या दिवशी सामान शेजारी नेऊन ठेवायचं. प्रवास तिथं सुरू झाला असं धरायचं. आणि एकदा बाहेर पडलेलं सामान, प्रवास झाल्याशिवाय परत घरात न्यायचं नाही. जाणाऱ्याला ते वाईट. बापू स्वतःच्या मुलांच्या पिशव्या दर वेळी मालन मावशीकडंच ठेवायला लावायचे. त्यांच्याच पंचांगानं आईनं त्यांना बांधून टाकलं होतं. मी तिथंच खाली बसले. हसायला लागले. आपली आई इतकी बेरकी असेल असं मला सात जन्मात वाटलं नसतं.

ट्रंक ओढायला वाकले तेव्हा तिच्यामागं आणखी एक दिसली. लहान, पोपटी रंगाची, कडांना गंज चढलेली, कडीत दोऱ्यानं बांधलेली सुपारी, पार काळी पडलेली.

“ही कुणाची?”

मावशीनं जवळचा माग बंद केला, म्हणजे ओरडावं लागू नये.

“तुझ्या आईची.”

“आईची इथं कशाला?”

“परस्थान. तू दोन वर्षांची हुतीस. तुझ्या वडलांनी सेलमला खोली घेतली हुती, तुमा दोघींस्नी न्यायला येनार हुते. दशमीचं परस्थान ठिवलं माझ्याकडं. आन त्याच आठवड्यात तुझी काकी गेली.”

“मग?”

“मग काय. तेरावं हुं दे म्हनले. ते झालं. मग वरीसराद्ध हुं दे. ते झालं. मग पोरांची शाळा हुं दे.” मावशीनं हात उडवला. “न्हाई कुणी म्हनलंच न्हाई.”

“आणि ट्रंक?”

“मी कितींदा म्हनलं, ने बाई घरात, सुताला जागा न्हाई मला. नेत न्हाई. म्हनती, ती आत नेली म्हंजी मी जायाची न्हाई हे मीच कबूल केलं. बाहेर हाय तवर मी निघालेलीच हाय.”

मी त्या ट्रंकेकडं बघत राहिले. परस्थानाचा एवढा आनंद झाला होता, तो सगळा उतरला. सामान उंबऱ्याबाहेर ठेवलं म्हणून माणूस बाहेर पडत नाही, हे तिथं गंज खात बसलं होतं. बापूंना बांधायला ही गाठ पुरायची नाही. ते अजून एक ‘हुं दे’ काढतील आणि माझीही काळी ट्रंक तिच्याशेजारी बसेल. मला बापूंचा राग आला, वडलांचा आला, ज्यांनी ही रीत काढली त्या सगळ्या मेलेल्या माणसांचा आला. त्यांचा पक्ष त्यांना लखलाभ.

मी घरी आले ती थेट सोप्यात.

“बापू, माझं परस्थान पौर्णिमेलाच बाहेर गेलंय. मालन मावशीकडं आहे. मी दुपारच्या सोलापूर गाडीनं निघतेय, तिथून परभणी.”

बापूंनी चष्मा काढला. तो पुसायला धोतराचा सोगा शोधत राहिले, ते मी डोळे भरून बघून घेतलं.

“कुणाला इचारून?”

“तुमच्या मुलांचं कुणाला विचारून ठेवता?”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. बापू तिच्याकडं बघत नव्हते. त्यांनी पंचांग ओढलं, पानं चाळली, आणि हळूहळू त्यांच्या तोंडावर तो शांतपणा परत आला. तो बघितला की माझी कानशिलं तापायची.

“बरं, परस्थान ठिवलंय तर चांगलंच केलं,” ते म्हणाले. “पन आज मंगळवार. मंगळवार-बुधवार उत्तरंला दिशाशूळ, तिकडं जायाचं न्हाई. परभणी उत्तरंला. परवा बेस्तरवारी खुशाल जा, मी सोता सोडाया येतो. तुझ्या आईला सांग, बेस्तरवार हुं दे.”

बुधवारी संध्याकाळी जागा जाणार होती, हे त्या माणसाला माझ्याइतकंच पाठ होतं.

मी तोंड उघडलं. सवयीनं मान आईकडं वळलीसुद्धा. आणि मग मला कळलं की गेली कितीतरी वर्षं या घरात येणारा प्रत्येक ‘हुं दे’ माझ्याच तोंडून आईपर्यंत पोचला होता. बोलायला लागल्यापासून हेच काम. आईला सांग, पाहुणे येणार आहेत. आईला सांग, या वर्षी माहेरी जाणं नको. आणि मी गेले तर या घरात हुकूम सोडायला बापूंना जीभच राहणार नव्हती. माझं शिक्षण, माझी लाज, घराण्याची अब्रू, सगळं बोलून झालं होतं. खरं हे होतं.

“तुम्हीच सांगा,” मी म्हणाले.

“काय?”

“ती तिथं उभी आहे. तुम्हाला तोंड आहे, तिला कान आहेत. मी आजपासून कुणाला काही सांगणार नाही.”

“उजे.”

“नाही सांगणार.”

बापूंनी घसा खाकरला. त्यांनी समोरच्या भिंतीकडं तोंड केलं, जिथं माझ्या आजोबांचा फोटो होता, आणि फोटोला उद्देशून म्हणाले, “घरातल्या माणसांनी समजून घ्यावं. बेस्तरवारपतूर कुनी जानार न्हाई.”

आई आत गेली. मला वाटलं, संपलं. ती परत आली तेव्हा तिच्या हातात गुळाचा खडा होता. तिनं तो मोडला, अर्धा माझ्या तळव्यावर ठेवला, अर्धा स्वतःच्या तोंडात टाकला. मग डोक्यावरचा पदर, जो बापूंपुढं कायम नाकापर्यंत असायचा, तो नीट मागं सारला आणि त्यांच्याकडं बघून म्हणाली,

“मंगळवारी गूळ खाऊन निघालं की दिशाशूळ लागत न्हाई. बेस्तरवारी दक्षिणंला दिशाशूळ, तरी तुमची दोन्ही पोरं बेस्तरवारीच गेली सेलमला. तवा हातावर दही मीच ठिवलं हुतं.”

आवाज खणखणीत होता. मी तो आवाज त्या सोप्यात कधी ऐकला नव्हता. बापू उठून उभे राहिले, मग का उठलो ते न कळून परत बसले.

“भाकरी दुरडीत झाकून ठिवलीया,” आई पुढं म्हणाली. “मामंजींचं सराद्ध षष्ठीला हाय. सैपाकाचं तुमी बघा. तुमचंच वडील हुते.”

बापूंनी तिच्याकडं बघितलं नाहीच. माझ्याकडं वळून म्हणाले, “उजे, तुझ्या आईला सांग...” आणि पुढं त्यांना आठवेना, किंवा माझं तोंड बघून थांबले. मी गूळ तोंडात टाकला, गमबूट काखेत मारले आणि वळकटी उचलली.

मालन मावशीकडं गेलो. परस्थान ठेवलेलं सामान परत घरातून न्यायचं नसतं, तिथूनच रस्त्याला लागायचं असतं. मावशीनं माझी काळी ट्रंक माझ्या डोक्यावर चढवली. आई वाकली आणि तिनं पोपटी ट्रंक ओढून बाहेर काढली. सुताचे तुसे झटकले.

“ही कशाला?” मी विचारलं.

“माझी हाय म्हनून,” आई म्हणाली. “मालन, हात लाव जरा.”

मावशीनं चारही माग बंद केले. त्या घरात दिवसाढवळ्या इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. तिनं ट्रंक आईच्या डोक्यावर दिली आणि आईच्या पाठीवर एक जोराचा धपाटा घातला. आई हसली. मग आम्ही दोघी मायलेकी, डोक्यावर एकेक ट्रंक घेऊन, भर दुपारी बाजारपेठेतनं स्टँडवर गेलो. दुकानांतली माणसं पायऱ्यांवर येऊन बघत होती. बापूंच्या मंडळाची पोरं कमानीचे बांबू सोडत होती, ती हातातलं काम टाकून उभी राहिली. एकानं विचारलंसुद्धा, “काकू, कुठं निघाला?” आईनं चाल कमी केली नाही.

गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. ट्रंका सीटखाली सरकवल्या. गाडी हलली, गावाचा नाका मागं पडला.

“तुला परभणीला सोडती, खोली बघती,” आई म्हणाली, “आन मग मी फुडं सेलमला जाती.”

“वडलांना माहीत आहे?”

“कशाला माहीत पायजे? दारात उभी राहिली की दिसंल त्यांस्नी.”

“तुला त्यांचा राग नाही येत?”

“येतो की. तिथं जाऊन काढनार हाय. हितनं कसा काढू?”

मला हसू आलं, पण आतला जाळ काही विझत नव्हता. त्या गंजलेल्या कडा डोळ्यांपुढून जात नव्हत्या. मी म्हणाले, “इतकी वर्षं ट्रंक भरलेली होती. स्टँड तिथंच होतं, गाड्या रोज सुटत होत्या. आज आलीस तशी तेव्हाच का नाही निघालीस? का गप्प बसलीस?”

आई खिडकीबाहेर बघत होती. पदरानं तिनं मानेवरचा घाम पुसला.

“एकदा निघाली हुती,” ती म्हणाली. “तू चार वर्षांची असशील. तुझं वडील जत्रंला आले, तवा मी म्हनलं, मी येती, काय हुईल ते हू दे. ते इचाराया गेले थोरल्यांस्नी. परत आले आन मला म्हनले, दादा म्हनतो, तिला जायाचं तर जाऊ दे, मी अडवत न्हाई. पन पोरगी घरान्याची हाय. पोरगी हितंच राहील.”

तिनं हे भाकरी करपली म्हणावं तसं सांगितलं.

“आन तुझ्या वडलांनी तसंच येऊन सांगितलं मला. निरोप म्हनून. आता तू तुझ्या पायानं निघालीस. आता मला कुनाला मागं ठिवून जायाचं न्हाई.”

म्हणजे मी. खुंट्याचं दावं मी होते. जन्मभर भाकऱ्या बडवल्यास, असं मी तिला सकाळी म्हणाले होते. ती भाकऱ्या बडवत नव्हती. ती मला मोठी करत होती, पळून जाता येईल एवढी. आणि तो माणूस, पेढे वाटणारा, शांतपणे पंचांग चाळणारा, त्यानं चार वर्षांच्या पोरीला ओलीस ठेवून तिच्याच तोंडून तिच्या आईला हुकूम पाठवले होते. आणि मी त्याला सोप्यात नुसतं ‘तुम्हीच सांगा’ म्हणून आले होते. मी ताडकन उभी राहिले.

“गाडी थांबवा,” मी कंडक्टरला म्हणाले. “मला परत जायचंय. एका माणसाशी बोलायचं राहिलंय.”

कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला. गाडीतली माणसं माझ्याकडं बघायला लागली.

आईनं माझं मनगट धरून मला खाली ओढलं. इतक्या जोरानं, की दुसऱ्या दिवशी परभणीत हजेरीची सही करताना ते दुखत होतं.

“थांबवू नका हो,” ती भरल्या गाडीत कंडक्टरला म्हणाली. “दोन सोलापूर द्या.”